मुंबईची बोट, देवळालीचा ताप

'पॉश' या इंग्रजी शब्दाची गोष्ट आपल्याकडे पुष्कळांना ठाऊक असते, कारण तिच्यात मुंबई आहे. आगबोटींच्या काळात पी अँड ओ कंपनीच्या बोटींनी मुंबईला येणारे पैसेवाले साहेबलोक येताना डाव्या बाजूची आणि परत जाताना उजव्या बाजूची केबिन राखून ठेवत. तांबड्या समुद्रातल्या उन्हापासून तेवढाच बचाव. त्यांच्या तिकिटांवर म्हणे 'पोर्ट आउट, स्टारबोर्ड होम' या शब्दांची आद्याक्षरं उमटवलेली असत : पी, ओ, एस, एच. त्यावरून पॉश म्हणजे उंची, श्रीमंती थाटाचं.

ही गोष्ट खरी नाही. असा शिक्का असलेलं एकही तिकीट आजवर कुणाला सापडलेलं नाही, आणि कंपनीच्या दप्तरातही त्याचा मागमूस नाही. झोकदार या अर्थानं हा शब्द पहिल्या महायुद्धाच्या सुमारास छापून येऊ लागतो. 'पंच' साप्ताहिकातल्या सप्टेंबर १९१८ च्या एका व्यंगचित्रात एक तरुण वैमानिक अधिकारी तो आपल्या आईशी बोलताना वापरतो. बोटीची कथा मात्र १९३० च्या दशकात कुठे डोकं वर काढते. त्याआधी, एकोणिसाव्या शतकात, लंडनच्या रस्त्यावरच्या बोलीत 'पॉश' म्हणजे अर्धी पेनी, आणि पुढे नुसताच पैसा. हा शब्द बहुधा रोमानी भाषेतला. तिथे त्याचा अर्थ अर्धा. रोमानी बोलणारे हे भटके लोक काही शतकांपूर्वी भारतातून निघून युरोपभर पसरले. त्यांची भाषा मराठी-हिंदीच्याच कुळातली. पैशावरून पैसेवाल्याकडे आणि तिथून थाटामाटाकडे शब्द सरकला, ही वाट सगळ्यांत संभवनीय दिसते.

यात काय बदललं ते पाहावं. ज्या शब्दामागे अर्ध्या पेनीसाठी हात पसरणारे, घोड्यांचे सौदे करणारे, गावोगाव हिंडणारे लोक उभे आहेत, तो आपण पहिल्या वर्गाच्या केबिनमध्ये नेऊन बसवला. इंग्रजी वाक्प्रचारांच्या मनोरंजक उगमकथांचा जो बाजार आज मोबाइलवरून चालतो, त्याच्याबद्दलची माझी तक्रार नेमकी ही आहे. वाक्प्रचार कुठून आला हा इतिहासाचा प्रश्न आहे. ताम्रपटाला आपण साल विचारतो, बखरीला विचारतो, तसंच शब्दाच्या गोष्टीलाही विचारलं पाहिजे. न विचारल्यानं जो अन्याय होतो, तो बहुतेक वेळा खालच्या थरातल्या माणसांवर होतो, कारण बोलीतले जिवंत वाक्प्रचार घडवले त्यांनीच.

२००४ च्या सुमारास ब्रिटनमध्ये 'चॅव' या शब्दानं धुमाकूळ घातला. भडक कपडे घालणाऱ्या, गरीब वस्तीतल्या तरुणांना हिणवण्याचा तो शब्द. लगेच त्यालाही आद्याक्षरं चिकटली : 'काउन्सिल हाउस्ड अँड व्हायोलंट', म्हणजे सरकारी घरात राहणारा आणि मारकुटा. हा उगम कुणीतरी मागाहून रचला, आणि रचणाऱ्याचा तुच्छभाव त्यात उघड दिसतो. 'चॅव' आला तो बहुधा रोमानी 'छावो' पासून, म्हणजे मुलगा, पोर. आपला 'छावा' त्याच मुळातला. दोस्त या अर्थाचा इंग्रजी 'पॅल' हाही रोमानीच. तिथे तो भाऊ, आणि संस्कृत 'भ्रातृ' शी त्याचं नातं सरळ आहे. सतराव्या शतकाच्या अखेरीपासून इंग्रज एकमेकांना ज्या शब्दानं दोस्त म्हणत आले, तो त्यांनी ज्यांना वेशीबाहेर ठेवलं त्यांच्याकडून घेतलेला.

आद्याक्षरांच्या गोष्टी आपल्याकडे फार रुजल्या आहेत. 'न्यूज' म्हणजे नॉर्थ, ईस्ट, वेस्ट, साउथ, असं शाळेत फळ्यावर लिहून देणारे मास्तर महाराष्ट्रात गावोगाव सापडतील. 'न्यूज' हे 'न्यू'चं अनेकवचन, म्हणजे नव्या गोष्टी, एवढंच आहे. 'गोल्फ' म्हणजे 'जंटलमेन ओन्ली, लेडीज फॉरबिडन' हेही तसंच. स्कॉटलंडच्या संसदेनं १४५७ साली या खेळावर बंदी घातली, तेव्हापासून हा शब्द कागदावर आहे, आणि त्या काळी आद्याक्षरं जोडून शब्द बनवण्याची रीतच नव्हती. ती रीत मुख्यतः विसाव्या शतकाची, दोन महायुद्धांच्या लष्करी कारभारातून फोफावलेली. जुन्या शब्दाचा उगम आद्याक्षरांत सांगितला की शंभरातल्या नव्याण्णव वेळा तो मागाहून रचलेला असतो.

उरलेली एक वेळ म्हणजे 'ओके'. तिची हकीकत थोडी सविस्तर सांगायला हवी. जगात सर्वांत जास्त उच्चारल्या जाणाऱ्या शब्दांपैकी हा एक, आणि त्याच्या उगमकथा ढिगानं आहेत. कुणी तो चॉक्टॉ या अमेरिकन आदिवासी भाषेतला सांगतं, कुणी ग्रीक 'ओला काला' मधला, कुणी स्कॉटिश, तर कुणी पश्चिम आफ्रिकी. राष्ट्राध्यक्ष वुड्रो विल्सन यांना चॉक्टॉची कथा पटली होती. ते मंजुरीचा शेरा मारताना 'ओकेह' असंच लिहीत. अखेर ॲलन वॉकर रीड या भाषाभ्यासकानं जुन्या अमेरिकी वर्तमानपत्रांचे ढीग उपसले आणि १९६३-६४ मध्ये आपले निष्कर्ष मांडले. बॉस्टनच्या पत्रकारांत १८३८-३९ च्या सुमारास एक चूष होती : शब्द मुद्दाम अशुद्ध लिहायचे आणि त्यांची आद्याक्षरं छापायची. 'ऑल करेक्ट' हे 'ऑल कोरेक्ट' असं चुकीच्या स्पेलिंगनं लिहून त्याचं 'ओ. के.' झालं, आणि ते २३ मार्च १८३९ च्या 'बॉस्टन मॉर्निंग पोस्ट' मध्ये छापलेलं आहे. अशी डझनावारी आद्याक्षरं त्या दिवसांत निघाली आणि विरली. हे टिकलं, कारण पुढच्याच वर्षी अध्यक्षपदाच्या निवडणुकीत मार्टिन व्हॅन ब्युरन उभे होते. किंडरहूक हे त्यांचं गाव, म्हणून 'ओल्ड किंडरहूक'. त्यांच्या समर्थकांनी 'ओ. के.' ही घोषणाच करून टाकली. व्हॅन ब्युरन हरले, पण घोषणा देशभर पोचली होती. पुढे तारायंत्रवाल्यांना दोन अक्षरांचा हा होकार सोयीचा पडला.

हा उगम इतका पोरकट वाटतो की कुणी गप्पांच्या ओघात सांगितला तर हसण्यावारी न्यावा. रीड यांनी तो तारखेसकट, छापील अंकासकट दाखवला म्हणून मानावा लागतो. 'पॉश' आणि 'ओके' या दोन्ही गोष्टींत आद्याक्षरंच आहेत. फरक पुराव्याचा आहे, आणि कोणती कानाला बरी लागते त्याच्याशी त्याचा काहीच संबंध नाही.

आपल्या नऊवारी साडीलाही या बाजारात ओढलं गेलं. 'द होल नाइन यार्ड्स' म्हणजे संपूर्ण, काही बाकी न ठेवता. अमेरिकेत याच्या उगमाच्या कथा विसाएक तरी असतील. सर्वांत लाडकी कथा दुसऱ्या महायुद्धातल्या लढाऊ विमानांची : मशिनगनच्या गोळ्यांचा पट्टा सत्तावीस फूट, म्हणजे नऊ वार लांब असे, आणि शत्रूवर तो सगळा रिकामा केला की 'होल नाइन यार्ड्स'. कुणी स्कॉटिश किल्टचं कापड पुढे केलं, कुणी काँक्रीटचा ट्रक, आणि कुणी नऊवार लुगडं. आपल्याला हे ऐकून बरं वाटतं, हे मी समजू शकतो.

मग जुनी वर्तमानपत्रं संगणकावर आली आणि त्यांत शब्द शोधता येऊ लागले. बॉनी टेलर-ब्लेक ही हौशी शोधक आणि येल विद्यापीठाचे ग्रंथपाल फ्रेड शपीरो यांच्या खटपटीतून या वाक्प्रचाराची तारीख मागे मागे जाऊ लागली. केंटकीतल्या एका छोट्या पत्रात १९१२ साली 'होल सिक्स यार्ड्स' सापडलं. सहा वार! अर्थ तोच. त्यानंतर इंडियाना राज्यातल्या मिचेल नावाच्या गावच्या पत्रात १९०७ साली, बेसबॉलच्या सामन्याच्या बातमीत, 'फुल नाइन यार्ड्स' मिळालं. १९०७ मध्ये विमानं जेमतेम उडायला लागली होती, त्यांवर मशिनगन कुठून असणार? आणि ज्या वाक्प्रचारात नऊचे सहा झाले तरी अर्थ बदलत नाही, त्याच्यात कोणतीही नेमकी वस्तू मोजलेली असण्याची शक्यता फारच थोडी. आकडा नुसता जोर आणण्यासाठी. 'क्लाउड नाइन' हाही एके काळी सात आणि आठ नंबरचा ढग होता. ग्रामीण अमेरिकेतल्या बोलण्यात 'सगळंच्या सगळं' याचा एक ठसकेबाज प्रकार होता, यापुढे पुरावा जात नाही, आणि मलाही त्यापुढे जायची गरज वाटत नाही.

यावर एक आक्षेप आहे, आणि तो वजनदार आहे. बोली भाषा कागदावर येण्याआधी पिढ्यान् पिढ्या तोंडात असते. मग छापील तारखेला एवढा मान देणं म्हणजे पुन्हा शिकलेल्यांच्याच हाती निकाल सोपवणं नाही का? ज्यांना लिहिता येत नव्हतं त्यांचे शब्द ज्यांना लिहिता येत होतं त्यांनी, आणि तेही उशिरा, टिपले. हे खरं आहे. म्हणूनच पहिल्या छापील तारखेला जन्मतारीख मानत नाहीत. शब्द निदान तेव्हापासून आहे, इतकंच ती सांगते. पण तेवढ्यानंही पुष्कळ गोष्टी निकालात निघतात. 'स्पिल द बीन्स' म्हणजे गुपित फोडणं. याची गोष्ट प्राचीन ग्रीसमध्ये घेवड्याच्या दाण्यांनी होणाऱ्या मतदानापर्यंत नेतात, आणि वाक्प्रचार तर विसाव्या शतकाच्या आरंभीचा, अमेरिकी. मधल्या दोन हजारांहून जास्त वर्षांत एकाही माणसानं तो एकाही भाषेत लिहिला नाही, आणि मग एकाएकी अमेरिकेत उगवला, हे कसं मानायचं?

शिवाय कागद म्हणजे केवळ पंडितांचे ग्रंथ नव्हेत. फ्रान्सिस ग्रोस या लठ्ठ, गप्पिष्ट, निवृत्त लष्करी माणसानं १७८५ साली सामान्यांच्या, किंबहुना गुन्हेगारांच्या बोलीचा कोश काढला, तो रात्री-अपरात्री लंडनच्या गल्ल्यांत, गुत्त्यांत हिंडून. 'किक द बकेट' म्हणजे मरणं, हे त्याच्या कोशात आहे. १८५९ मध्ये जॉन कॅम्डन हॉटन यानं फेरीवाल्यांची यमकी बोली नोंदवली. जिन्याला 'स्टेअर्स' न म्हणता त्याच्याशी यमक जुळणारं 'ॲपल्स अँड पेअर्स' म्हणायचं, अशी ती तऱ्हा. कोर्टातल्या जबान्या, शिपायांची पत्रं, जाहिराती यांतूनही शब्द सापडतात. खालच्या थरातल्या बोलण्याचा माग काढता येतो, मात्र त्यासाठी चिकाटी हवी.

असा माग थेट नाशिक जिल्ह्यात येऊन पोचतो. इंग्रजीत एखाद्याचं डोकं फिरलं की तो 'डूलॅली' गेला म्हणतात. डूलॅली म्हणजे आपली देवळाली. जुना पूर्ण शब्द 'डूलॅली टॅप'. यातला 'टॅप' म्हणजे हिंदुस्तानी 'तप', आपला ताप. देवळालीचा ताप. गोऱ्या शिपायांसाठी १८६१ मध्ये तिथे छावणी झाली. मुदत संपलेले शिपाई देशभरातल्या पलटणींमधून तिथे आणून ठेवत, आणि मुंबईला बोट लागली की रवाना करत. अडचण अशी की सैनिकांना नेणाऱ्या बोटी पावसाळा सरल्यावर सुरू व्हायच्या आणि मार्चच्या आसपास थांबायच्या. ज्याची मुदत शेवटची बोट निघून गेल्यावर संपली, त्याला अख्खा उन्हाळा आणि अख्खा पावसाळा देवळालीत काढावा लागे.

फ्रँक रिचर्ड्स हा वेल्समध्ये वाढलेला, कोळशाच्या खाणीत काम केलेला शिपाई पहिल्या महायुद्धाआधी हिंदुस्थानात होता. १९३६ च्या 'ओल्ड सोल्जर साहिब' या आठवणींच्या पुस्तकात त्यानं देवळालीच्या या तापाची हकीकत दिली आहे. काही काम नाही, कवायत नावापुरती, घर डोळ्यांसमोर आणि जाता येत नाही. वर्षानुवर्षं नेकीनं राहिलेली माणसं तिथे येऊन बिघडत, दारूत बुडत, भांडणं करून लष्करी तुरुंगात जात. शब्द त्या रिकाम्या महिन्यांतून आला. बरोबरचे शिपाईच एकमेकांना म्हणत : याला देवळालीचा ताप चढला. १९२५ साली फ्रेझर आणि गिबन्स यांनी सैनिक-खलाशांच्या शब्दांचा कोश काढला, त्यात तो रीतसर नोंदला गेला. बीबीसीची 'इट एन्ट हाफ हॉट मम' ही मालिका १९७४ साली सुरू झाली, तिची सुरुवातही देवळालीतच घडते.

देवळालीत आज तोफखान्याचं प्रशिक्षण केंद्र आहे, पुष्कळ मराठी माणसं तिथे हवापालटाला जातात, आणि त्यांतल्या किती जणांना हा शब्द माहीत असेल! बोटीच्या केबिनची खोटी कथा मात्र तोंडपाठ. मुंबई ते विलायत या एकाच वाटेवरच्या या दोन गोष्टी आहेत. ज्याच्याकडे केबिनची बाजू निवडण्याइतके पैसे होते, त्याची दंतकथा जगभर गेली. ज्याला बोटीतली जागा सरकार देईल तेव्हाच मिळायची, त्याची खरी हकीकत मागे पडली. त्या शिपायांनी आणखीही शब्द नेले. 'विलायती' वरून 'ब्लाइटी' म्हणजे मायदेश. पहिल्या महायुद्धात, जीव न घेता माणसाला घरी पाठवेल अशा जखमेलाच ते 'ब्लाइटी' म्हणू लागले. 'देखो' वरून 'डेको', एक नजर टाकणं. हे शब्द साहेबाच्या बंगल्यातून गेले नाहीत. बाजारात, तंबूत, इस्पितळात, आपल्या माणसांशी मोडकंतोडकं बोलताना शिपायांच्या तोंडी बसले.

खोट्या उगमकथेनं नुसती करमणूक होते, नुकसान काय, असं विचारणाऱ्यांसाठी 'रूल ऑफ थंब' चं उदाहरण पुरेसं आहे. अर्थ : अनुभवावरून काढलेला ढोबळ नियम. गेल्या पन्नासेक वर्षांत अशी समजूत पसरली की अंगठ्यापेक्षा जाड नसलेल्या काठीनं बायकोला मारायची मुभा इंग्लंडच्या कायद्यानं नवऱ्याला दिली होती, आणि वाक्प्रचार त्यावरून आला. अमेरिकेच्या नागरी हक्क आयोगानं १९८२ साली मारहाणग्रस्त स्त्रियांवर काढलेल्या अहवालाच्या शीर्षकातच हे शब्द आहेत. पण इंग्लंडच्या कायद्यात असा नियम सापडत नाही. सतराव्या शतकात हा वाक्प्रचार येतो तो कारागिरी, तलवारबाजी अशा विषयांत, शास्त्राऐवजी अंदाजानं काम करण्याच्या अर्थानं. फ्रान्सिस बुलर या न्यायाधीशानं अंगठ्याएवढ्या काठीचं मत दिल्याची वदंता १७८२ मध्ये उठली, आणि गिलरे या व्यंगचित्रकारानं त्याची 'जज थंब' म्हणून जाहीर टिंगल केली. म्हणजे त्या काळातही ते लोकांना लाजिरवाणं वाटलं होतं.

आता खरा इतिहास पाहा. नॉर्थ कॅरोलायनात १८६८ साली एक खटला चालला. नवऱ्यानं बायकोला बारीक फोकानं मारलं होतं. खालच्या कोर्टानं काठी अंगठ्याहून बारीक म्हणून त्याला सोडलं. वरच्या कोर्टानं अंगठ्याचं माप झिडकारलं, पण नवऱ्याची सुटका कायम ठेवली. कारण दिलं ते असं, की किरकोळ इजेसाठी सरकारनं घराच्या कारभारात हात घालू नये. हे अंगठ्याच्या मापापेक्षा कितीतरी भयंकर आहे, कारण 'घरातली गोष्ट' म्हणून हात झटकणं आजही पोलीस चौकीत ऐकू येतं. वाक्प्रचाराच्या खोट्या कथेमुळे लक्ष काठीच्या जाडीवर खिळलं, आणि खरा गुन्हेगार असलेला तो युक्तिवाद नजरेआड राहिला. त्यात वर, कथा खोटी ठरली की स्त्रियांच्या बाकीच्या तक्रारीही अशाच रचलेल्या, असं म्हणायला मोकळे झालेले लोक वेगळेच.

गुलामगिरीच्या बाबतीतही हेच झालं. 'पिकनिक' हा शब्द कृष्णवर्णीयांच्या झुंडबळींवरून आला, अशी अफवा अमेरिकेत अनेक वर्षं फिरते आहे. तिच्यापायी तिथल्या एका विद्यापीठात, जॅकी रॉबिन्सन या महान कृष्णवर्णीय बेसबॉलपटूच्या सन्मानार्थ ठरलेल्या कार्यक्रमाच्या नावातून हा शब्द काढावा लागला. शब्द सतराव्या शतकातल्या फ्रेंचमधला, साधा वर्गणीच्या जेवणाचा. याउलट 'सोल्ड डाउन द रिव्हर', म्हणजे दगा देऊन वाऱ्यावर सोडणं, हा वाक्प्रचार खरोखरच गुलामांच्या विक्रीचा आहे. मिसिसिपीच्या वरच्या भागातून खालच्या कापसाच्या मळ्यांवर विकलं जाणं म्हणजे बायकापोरांशी कायमची ताटातूट. तो शब्द मात्र आजही क्रीडावार्तांत बिनदिक्कत वापरला जातो.

'ग्रँडफादर्ड' तर पुण्या-मुंबईच्या संगणक कंपन्यांतली मराठी मुलंमुली रोज लिहितात : जुन्या ग्राहकाला नव्या अटी लागू नाहीत, तो 'ग्रँडफादर्ड' आहे. अमेरिकी गृहयुद्धानंतर कृष्णवर्णीयांना मताधिकार मिळाला, तेव्हा दक्षिणेतल्या राज्यांनी साक्षरतेची आणि मालमत्तेची अट घातली. त्या अटीत गरीब, निरक्षर गोरेही अडकत होते. म्हणून पळवाट काढली, की १८६७ च्या सुमारास ज्याच्या बापाला किंवा आजोबाला मत होतं, त्याला अट माफ. गुलामांच्या नातवंडांकडे असा आजोबा असणं शक्यच नव्हतं. लुईझियानानं हे कलम १८९८ मध्ये आणलं, आणि ओक्लाहोमातलं असंच कलम सर्वोच्च न्यायालयानं १९१५ साली रद्द केलं. हे सारं कायद्याच्या पुस्तकांत, निकालपत्रांत, तारखेसह नोंदलेलं आहे. २०२० मध्ये मॅसेच्युसेट्सच्या अपील कोर्टानं बांधकामाच्या एका साध्या दाव्याचा निकाल लिहिताना तळटीप दिली, की या शब्दाचं मूळ वंशभेदात असल्यानं आम्ही तो वापरत नाही. मला तो निर्णय योग्य वाटतो. कुणाला तो अतिरेकी वाटेल, आणि त्यावर वाद घालता येईल, कारण इथे वाद घालायला खरा कागद समोर आहे.